घरी किती पायऱ्या आहेत?

वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारती किंवा ठाण्यात नौपाड्यातल्या तीन-चार मजली सोसायट्या, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचं घर गाठायला साधारण ५०-६० पायऱ्या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींच्या खाटेजवळ फिजिओथेरपिस्ट येतो, पाय तपासतो आणि विचारतो: घरी किती पायऱ्या आहेत? कठडा कुठल्या हाताला? संडास उकिडवं बसायचा की कमोड? नातेवाइकांना या गप्पा वाटतात. पण त्या दिवसापासूनचा सगळा व्यायाम याच उत्तरांवर बेतलेला असतो.

पहिलं काम खाटेवरून उठवणं. आजींना कुशीवर वळवायचं, पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरावर भार देऊन बसतं करायचं. मग दोन-तीन मिनिटं नुसतं बसवून ठेवायचं. घाई इथेच महागात पडते. बरेच दिवस झोपून असलेल्या माणसाचं रक्त उभं राहताच पायांत उतरतं आणि रक्तदाब घसरतो. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर परत बसवायचं. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच हवी. चालवताना ती खांद्याइतकी वर धरणारे मदतनीस दिसतात, आणि त्यामुळे लघवी उलटी आत जाऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो.

वॉकरची उंचीही मोजून लावावी लागते. रुग्ण सरळ उभा, हात सैल सोडलेले. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. मग मूठ धरल्यावर कोपर २०-३० अंशांत वाकतं. शेजाऱ्यांकडून आणलेला वॉकर बहुधा त्यांच्याच मापाचा असतो, तेव्हा आधी त्याच्या पायांचे खटके बदलून घ्या. उठताना वॉकरला धरून ओढू नये, तो अंगावर उलटतो. हात खाटेवर टेकून उठायचं आणि मगच मूठ धरायची.

सांधा बदलला असेल आणि सर्जननी तो मागच्या बाजूने उघडला असेल, तर काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, पाय आत वळवायचा नाही. नाहीतर सांधा निखळू शकतो. म्हणजे उकिडवं बसायचा संडास, पाटावरचं जेवण, देवापुढची मांडी, सगळं बंद. इथून ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम सुरू होतं. भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं, तरी आजही अनेकांना हे नोकरी मिळवून देणारं खातं वाटतं. या शास्त्रात 'ऑक्युपेशन' म्हणजे माणसाची रोजची कामं: आंघोळ, जेवण, कपडे. अर्धांगवायू झालेल्या माणसाने सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना धड हात आधी काढायचा. बादली आणि तांब्या धड हाताच्या बाजूला, बसायला न घसरणारं स्टूल. बाथरूमचं दार अनेकदा दोन-सव्वादोन फुटांचंच असतं, त्यात साधी व्हीलचेअर शिरत नाही. म्हणून डिस्चार्जच्या आधी टेपने मोजून दाराचा फोटो आणायला सांगतात.

लुळ्या हाताला धरून ओढणं ही सर्रास होणारी चूक, तीही मायेपोटी. खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच निकामी झालेले असतात. काखेत हात घालून उचललं की हाड खोबणीतून खाली सरकतं आणि पुढे महिनोन्महिने खांदा दुखतो. आधार कमरेला द्यावा.

तिसरे स्पीच थेरपिस्ट. बोलण्याइतकंच गिळणंही तेच तपासतात. अर्धांगवायूनंतर चहाचा पहिला घोट देण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे. रुग्ण पूर्ण जागा, ताठ बसलेला. चमच्याने थोडं पाणी देऊन ठसका लागतो का आणि नंतर आवाज ओलसर, घोगरा होतो का ते पाहायचं. काहींच्या श्वासनलिकेत पाणी गेलं तरी ठसकाच लागत नाही, म्हणून 'खोकला नाही ना, मग पाजा' हा हिशेब घातक. त्यातून न्यूमोनिया होतो. पाणी सर्वांत पातळ, घशात भरकन उतरतं, म्हणून कित्येकांना पाण्यापेक्षा दाट पेज सोपी जाते. पातळ आमटीत कालवलेला भात तर आणखी अवघड, कारण घास चावत असतानाच आमटी घशात पोहोचलेली असते. वरण-भात एकजीव घोटून द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये.

लवकर हलवण्याचा फायदा मोजला गेला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांपैकी ज्यांची थेरपी सुरुवातीलाच चालू केली, त्यांतले ५९ टक्के डिस्चार्जच्या वेळी स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. दुसऱ्या गटात ३५ टक्के. पण लवकर म्हणजे वाटेल तितकं नव्हे. अर्धांगवायूच्या दोन हजारांवर रुग्णांवरच्या, २०१५ मध्ये छापून आलेल्या चाचणीत पहिल्या २४ तासांत वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट थोडी मागे होती. किती आणि केव्हा, हे थेरपिस्टने रोज ठरवायचं असतं.

पोटाच्या ऑपरेशननंतर हाती येणारं, श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र बहुतेक जण फुंकतात. ते ओढायचं असतं. श्वास सोडून नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा, चेंडू वर आले की तीन ते पाच सेकंद टिकवा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. तिन्ही चेंडू उडवण्याची शर्यत नको; एकच वर आला पण टिकला, तर फुप्फुसाचा तळ उघडतो. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरा.

आणि पायऱ्या. रुग्णालयाच्याच जिन्यावर तीन-चार पायऱ्यांपासून सराव होतो: चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सोबतच्याने चढताना मागे, उतरताना पुढे राहावं. तिसरा मजला गाठायचा असेल, तर प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची आधीच ठेवून घ्या.