नवख्याला कोणती रिकम्बंट पेलते: पार्श्वभूमी

रिकम्बंट, म्हणजे रेलून, पाय पुढे टाकून चालवायची सायकल, शंभर वर्षांहून जुनी आहे. नवख्याला ती आजही अवघड वाटते, त्याचं मूळ मात्र १९३४ च्या एका नियमात सापडतं.

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या ट्रॅकवर दुसऱ्या फळीतल्या एका सायकलपटूने रिकम्बंटवर तासात ४५.०५५ किमी कापले. १९१४ चा ४४.२४७ किमीचा विक्रम मोडला. हवा कापणारं कवच वगैरे काही लावलेलं नव्हतं, म्हणजे तेव्हाच्या नियमात गाडी बसत होती. मग सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच बदलली: बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात तो सांधा) जमिनीपासून २४ ते ३० सेंमी, सीटचं टोक त्याच्या मागे फार तर १२ सेंमी, ब्रॅकेट ते पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल ५८ ते ७५ सेंमी. १ एप्रिल १९३४ पासून हे लागू झालं. रेलायचं तर सीट ब्रॅकेटच्या बरीच मागे लागते. बाद करायला १२ सेंमीची एक अटच पुरली. सुरक्षेचा प्रश्न नव्हताच, हरलेल्यांची सोय झाली.

शर्यतीचं बळ गेलं आणि रिकम्बंट मागे पडली. १९७० च्या दशकात ती अमेरिकेत परतली तीही वेगाच्या वेडातून. वेगासाठीच्या अनेक गाड्यांत व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड, पेडल सीटहून उंच. हळू वळताना टाच पुढच्या चाकाला घासते, थांबताना पाय वेळेत खाली येत नाही. नवखा इथेच पडतो. पेडल सीटच्या खाली, पाठ बरीच उभी, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, अशा लांब आणि मध्यम व्हीलबेसच्या गाड्यांनी हा प्रश्न सोडवला. लांब गाडी स्थिर, पण बेळगावात टिळकवाडीच्या गल्लीत वळवताना जागा खाते, मध्यम बरी. पहिल्या दिवशी हलका गिअर, एक पेडल वर, हँडल सैल धरायचं. घट्ट धरलं की गाडी डुलते.

अलीकडे ओढा तीनचाकीकडे आहे, कारण तोल सांभाळायचा नसतो. बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटात ताशी ५ किमीने चढलं तरी ती पडत नाही. मात्र तीन चाकांचे तीन माग, एक खड्डा चुकवला तर दुसरा गाठतोच. पुढे दोन चाकांच्या बुटक्या गाडीत पेडलवरून पाय निसटला तर रस्त्याला टेकून गाडीखाली ओढला जातो. टाचेचा पट्टा पहिल्या दिवसापासून लावावा. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला ही गाडी दिसतही नाही, तेव्हा उंच झेंडा हवाच. गुडघे कुरकुरत असतील तर मागे दोन चाकांची, उंच सीटची गाडी बसा-उठायला सोपी, पण उतारावर वळण वेगात घेतलं की आतलं चाक उचलतं.