पायरिन

मानवी पांढऱ्या रक्तपेशींत, मुख्यतः न्यूट्रोफिल व मोनोसाइट यांत, आढळणारे आणि दाहाला तोंड फोडणारे प्रथिन. ते ७८१ ॲमिनो आम्लांचे असून त्याचे एमईएफव्ही हे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे. कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर या आनुवंशिक विकाराचे मूळ शोधताना १९९७ मध्ये दोन संशोधक गटांना ते स्वतंत्रपणे सापडले. एका गटाने प्रथिनाला मारेनोस्ट्रिन म्हटले होते; ते नाव मागे पडले.

जन्मजात प्रतिकारशक्तीतील अनेक ग्राही प्रथिने जंतूचा एखादा भाग ओळखतात. पायरिनचे तसे नाही. चोर न पाहताही तुटलेल्या कुलपावरून बोभाटा करणाऱ्या राखणदारासारखे ते वागते. हे कुलूप म्हणजे पेशीचा सांगाडा सांभाळणारे आरएचओए हे प्रथिन. ते काम करत असते तोवर त्याच्या हाताखालची विकरे पायरिनच्या २०८ व २४२ क्रमांकांच्या सेरीन या ॲमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतात, आणि १४-३-३ ही प्रथिने पायरिनला धरून ठेवतात. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे विष आरएचओए निकामी करते. मग फॉस्फेट उतरतात, पायरिन मोकळे होते आणि एएससी या प्रथिनाला घेऊन इन्फ्लमासोम हा दाह पेटवणारा प्रथिनांचा जुडगा उभारते. त्यातून कॅस्पेज-१ हे विकर जागे होऊन इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन तयार करते. पेशीच्या पटलाला छिद्रे पडून बहुधा ती स्वतःही मरते.

जनुकातील काही बदलांमुळे हा लगाम सैल पडतो. मग जंतू नसतानाही एक ते तीन दिवस ताप आणि पोट, छाती वा सांधे दुखण्याचे झटके येतात. पोटदुखी इतकी तीव्र की ॲपेंडिक्स समजून शस्त्रक्रियाही होते. तुर्की, आर्मेनियन, ज्यू व अरब लोकांत हे बदल बरेच आढळतात. प्लेगचा जंतू वायओपीएम या प्रथिनाने पायरिन दाबून ठेवतो. बदललेले पायरिन तितके दबत नाही, आणि असे पायरिन असलेले उंदीर प्लेगच्या संसर्गात अधिक तगले. प्लेगच्या साथींमुळे हे बदल टिकले असावेत, हे अनुमान म्हणूनच पटण्यासारखे आहे; मात्र ते अनुमानच आहे.

या ज्वरावर १९७२ पासून कोल्चिसिन दिले जाते. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या विषारी कंदातही हेच द्रव्य असते. कंद खाणे मात्र जिवावर बेतू शकते. कोल्चिसिनमुळे आरएचओए पुन्हा सक्रिय होते, असे मानतात. नियमित घेतल्यास झटके कमी होतात आणि मूत्रपिंडात अमायलॉइड हे न विरघळणारे प्रथिन साचण्याचा धोका टळतो. ते लागू न पडल्यास इंटरल्यूकिन-१ रोखणारी ॲनाकिन्रा वा कॅनाकिनुमॅब ही औषधे वापरतात.