कानाला वेग कळत नाही

माझी आधीची गाडी दिसायला देखणी होती. पुढे काच, अंगावर फायबरचं चिलखत, हँडल इतकं खाली की प्रत्येक सिग्नलला मनगटं बोलायची. तिच्यावरून पुण्याहून कोल्हापूरला निघालो की कराड येईपर्यंत मला जांभया सुटायच्या. इंजिन दमदार, रस्ता गुळगुळीत, काटा वर, आणि चालक पेंगुळलेला. मग ती विकून २०० सीसीची हिरो एक्सपल्स घेतली आणि काही महिन्यांनी तिला रस्त्यावरच्या बाइकची १७ इंची चाकं बसवली. सांगाडा मातीतल्या गाडीचा आणि पाय डांबरावरचे, अशा गाडीला सुपरमोटो म्हणतात. ताकद निम्म्याहून कमी झाली, आणि कात्रजच्या जुन्या घाटात मी हेल्मेटच्या आत एकटाच हसायला लागलो.

हे असं का, याचं उत्तर इंजिनात नाही, कानात आहे.

आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूला कळतं की आपण फिरतोय. शेजारीच दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. गाडीने पिकअप घेतला किंवा ब्रेक लागला की खडे सरकतात. या सगळ्या यंत्रणेत एक गोष्ट नाही: वेग मोजणारं काहीच नाही. एकसारख्या वेगाने सरळ जाणारा माणूस आणि पारावर बसलेला माणूस, दोघांचे कान मेंदूला एकच निरोप पाठवतात. कानाला कळतो तो बदल. महामार्गावर बदलच नसतो, म्हणून जांभई.

आता वळणाकडे येऊ. घाटातल्या हेअरपिन वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर असावी, असं आपल्याकडचं रस्तेबांधणीचं मानक सांगतं. आपण १५ मीटर धरू. या वळणात ताशी ३० किलोमीटरने शिरलं तर गाडी-माणसाला मिळून साधारण २५ अंश कलावं लागतं. कलण्याचा कोन वेगाच्या वर्गावर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतो; वजनाचा त्यात संबंध नाही, त्यामुळे २०० सीसीवाला आणि १००० सीसीवाला तिथे जवळपास सारखेच कलतात. तेवढंच कलणं ताशी ९० ला हवं असेल, तर वळणाची त्रिज्या १३५ मीटर लागेल. वेग तिप्पट, वळण नऊपट मोठं.

दोन्हीकडे शरीराला जाणवणारं बल अगदी सारखं. सत्तर किलोचा माणूस सीटवर सत्त्याहत्तर किलोचा होतो. फरक आहे तो वेळेत. लहान वळणाचा अर्धवर्तुळाचा उलटा फेरा ताशी ३० ला पावणेसहा सेकंदांत संपतो. मोठ्या वळणाचा तेवढाच फेरा ताशी ९० ला सतरा सेकंद चालतो. म्हणजे हळू जाणाऱ्याला डावीकडून उजवीकडे तिप्पट झटपट लोळावं लागतं, आणि कानाची नळी नेमकी त्यालाच भुलते. वेग एक तृतीयांश, आणि कानाला मात्र तिप्पट खाऊ. आणि चुकलंच तर? ताशी ३० ची धडक साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्याइतकी. ताशी ९० ची बत्तीस मीटरवरून, म्हणजे दहाव्या मजल्यावरून. जाणवणं सारखं आणि जोखमीची ऊर्जा नऊपट कमी, हा सौदा मला तरी बरा वाटतो. पहिल्या मजल्यावरून पडूनही माणसं जातात, हे विसरायचं नाही.

सुपरमोटोचा जन्म मात्र अशा कुठल्या हिशोबातून झाला नाही. तो टीव्हीसाठी विचारलेल्या एका प्रश्नातून झाला. सर्वांत हुशार मोटरसायकलस्वार कोण? डांबरी ट्रॅकवरचा, मातीच्या गोल ट्रॅकवर घसरत जाणारा, की मोटोक्रॉसच्या उड्या मारणारा? १९७९ साली गेव्हिन ट्रिप नावाच्या पत्रकाराच्या कल्पनेतून कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडला या तिन्ही जातींच्या स्वारांना एकाच ट्रॅकवर उतरवलं गेलं. थोडं डांबर, थोडी माती, थोड्या उड्या. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने ही शर्यत ‘सुपरबाइकर्स’ या नावाने दाखवली. पहिल्या वर्षी जिंकला केंट हॉवर्टन, मोटोक्रॉसवाला. १९८५ नंतर अमेरिकेत हा कार्यक्रम बंद पडला, पण फ्रेंचांनी तो उचलून धरला, आणि २००२ पासून त्याची जागतिक स्पर्धा सुरू झाली. मातीची हलकी, उंच गाडी आणि तिला डांबरावर चिकटणारे टायर ही जोडी त्या शर्यतीतूनच घडत गेली.

आता चाकं. मातीतल्या गाडीचं पुढचं चाक २१ इंचांचं, बारीक आणि उंच. एक्सपल्सचंही तसंच. ते बदलून १७ इंची घातलं की गाडी एकदम चपळ होते, आणि याचं कारण विचाराल तर दहातले आठ जण सांगतील, ‘चाक लहान, म्हणून भोवऱ्याचा परिणाम कमी.’ फिरता भोवरा कलायला विरोध करतो, तसं फिरतं चाकही करतं. लहान चाक कमी करेल, असा हा युक्तिवाद. ऐकायला पटतो. पण १७ इंची रिम रुंद असते, तिच्यावरचा टायर जाड असतो, आणि मी दोन्ही चाकं हातात घेऊन पाहिली तेव्हा लहान चाक काही हलकं लागलं नाही. वजन सारखं धरलं तरी त्रिज्येतल्या फरकामुळे भोवऱ्याचा जोर साधारण १४ टक्क्यांनी कमी होतो. जाड टायरने वजन वाढवलं की तोही फायदा निम्मा गेला.

दुचाकीचा तोल राहतो तोही भोवऱ्यामुळेच, हे श्रेय जुनं आहे आणि त्याला आव्हानही जुनंच आहे. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० मध्ये अशी सायकल बनवली की पुढच्या चाकाशेजारी दुसरं चाक उलट दिशेने फिरवलं की दोघांचा भोवरा एकमेकांना खाऊन टाकेल. म्हणजे ही सायकल चालवताच येऊ नये. जोन्स तिच्यावर बसला आणि सहज चालवत निघून गेला. पुढे २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्ट आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी भोवराही नाही आणि खाली सांगतो ती ‘ट्रेल’ही नाही अशी सायकल रचून ती आपणहून सरळ राहते हे दाखवलं. चाकावर तोल कसा राहतो, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचा आहे.

मला हे पुस्तकातून नाही, गॅरेजमध्ये कळलं. नवी चाकं बसवून पहिला यू-टर्न घेतला, आणि हँडल माझ्या हातून आतल्या बाजूला निसटल्यासारखं वळलं. पाय टेकला म्हणून वाचलो. मेकॅनिककाकांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, “साहेब, हँडल पडतंय.”

पडतंय म्हणजे काय, ते आम्ही जमिनीवर मोजलं. गाडी सरळ उभी धरली. पुढच्या चाकाच्या एक्सलला दोरा बांधून खाली जड नट लोंबकळत सोडला, गवंडी ओळंबा सोडतो तसा. नट जिथे टेकला तिथे फरशीवर खडूची खूण. ते टायर जमिनीला टेकण्याचं ठिकाण. मग हँडलच्या मधल्या नटापासून फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना, समांतर एक लांब ॲल्युमिनियमची पट्टी तिरकी धरून जमिनीपर्यंत नेली. तिथे दुसरी खूण. हँडल ज्या आसाभोवती फिरतं, तो आस तिथे जमिनीला भिडतो. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीची चाकं आठवा: दांडा पुढे, चाक मागे, म्हणून ढकलली की चाकं आपोआप जाण्याच्या दिशेने वळतात. मोटरसायकलचं पुढचं चाक तसंच आपल्या आसाच्या मागे रेंगाळतं आणि त्यामुळे हँडल सरळ राहू पाहतं. जुन्या चाकाने मोजलं, नव्याने मोजलं. ट्रेल चांगलं दोन बोटं कमी झालं होतं.

रात्री कागदावर मांडून पाहिलं. ९०/९०-२१ टायरचा पूर्ण व्यास ६९५ मिलिमीटर, १२०/७०-१७ चा ६००. म्हणजे एक्सल ४८ मिलिमीटर खाली आला. मागचं चाक १८ वरून १७ वर आलं, ते फक्त ११ मिलिमीटरने बसलं. म्हणजे गाडी पुढून ३७ मिलिमीटर वाकली आणि फोर्क साधारण दीड अंशाने उभा झाला. फोर्कचा तिरकेपणा २७ अंश आणि ट्रेल ११० मिलिमीटर होतं असं धरलं, तर नवं ट्रेल ७७ च्या आसपास येतं. तेहतीस मिलिमीटरची घट. दोन बोटं.

म्हणजे चपळाई मुख्यतः इथून येते, आणि तिचा अतिरेकही इथूनच होतो. कारखान्यातून सुपरमोटो म्हणून निघणाऱ्या गाडीत फोर्कला धरणारी पट्टी, म्हणजे मेकॅनिक जिला ‘टी’ म्हणतात ती, वेगळ्या मापाची देता येते आणि ट्रेल परत जागेवर आणता येतं. आम्ही फोर्क टीमध्ये पंधरा मिलिमीटर खाली सरकवला, तोंड थोडं वर आलं आणि हँडल पडायचं बरंचसं थांबलं. पूर्ण नाही.

बाकीचं काम टायर करतात. पुढच्या चाकावर ११० किलो भार आणि टायरमध्ये २९ पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकणारा तुकडा जेमतेम ५५ चौरस सेंटिमीटरचा, साधारण पत्त्याच्या एका पानाएवढा. बटण टायरमध्ये त्या पानावरही बराच भाग खाचांचा, आणि रबराची बटणं वळणात वाकतात, वळवळतात. मातीत तीच बटणं रुततात म्हणून उपयोगी. डांबरावर ती बुटाखाली वाटाणे ठेवल्यासारखी. रस्त्याचा टायर पानभर रबर टेकवतो.

सुपरमोटोवर बसायची पद्धतही वेगळी. शर्यतीच्या गाडीवर स्वार वळणाच्या आत लोंबकळतो. इथे तो ताठ बसतो आणि गाडीला आपल्या खाली ढकलतो. रुंद हँडल म्हणजे लांब पहार. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची. चाक क्षणभर उजवीकडे वळतं, खालून निसटतं, आणि गाडी डावीकडे कलते. तळहातावर काठी तोलताना ती डावीकडे पाडायची असेल तर हात उजवीकडे न्यावा लागतो, तेच हे. माणूस जागच्या जागी राहतो, गाडी तेवढी इकडून तिकडे होते, म्हणून लोळणं झटकन. याचा तोटा असा की माणूस ताठ बसला तर त्याच वळणाला गाडी जास्त कलवावी लागते. घट्ट आणि हळू वळणांतच ही पद्धत परवडते. मागचं चाक घसरवत वळणात शिरण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत; ते बंद ट्रॅकवरचे आहेत, आणि समोरून एसटी येत नसते.

उंचीचा एक गंमतशीर परिणाम ब्रेकवर होतो. ब्रेक लागला की भार पुढे सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका जास्त. तो जमिनीपासून ७० सेंटिमीटर वर आणि पुढच्या चाकापासून ७० सेंटिमीटर मागे असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकं करकचून थांबताना मागचं चाक हवेत जातं. मातीच्या गाडीचे लांब शॉकअप आधी खोल दबतात, त्यामुळे हे येताना दिसतं तरी.

आपल्या खड्ड्यांचं काय? लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, हा तोटा खरा. मातीच्या गाडीचे लांब शॉकअप त्यातलं बरंच गिळतात, आणि शहरातले स्पीडब्रेकर मी जवळजवळ शोधत जायचो. सीट मात्र फळी. तासाभराने मध्येच उभं राहावं लागतं.

कायद्याची बाजू मी उशिरा वाचली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. आरटीओत आधी विचारायला हवं होतं. विचारलं नव्हतं, म्हणून ती १७ इंची चाकं आज माळ्यावर आहेत आणि मी कारखान्यातूनच तशी येणारी गाडी घ्यायला पैसे जमवतोय.

चाकं उतरवायच्या आदल्या रविवारी भाच्याला मागे बसवून कात्रजचा जुना घाट चढलो. वर पोहोचल्यावर त्याने हेल्मेट काढलं, गाल लाल झालेले.

“मामा, किती होता?”

“मीटरवर पस्तीस.” वेग पुढच्या चाकावरून मोजला जातो, आणि चाक लहान झाल्यापासून काटा सोळा टक्के जास्त दाखवायचा. “खरे तीस.”

“खोटं बोलतोस,” तो म्हणाला, आणि मीटर बघायला पुढे वाकला. तिथे शून्य होतं.