प्रीटेरिझम : भाकितपूर्तीचे संस्थाविरहित ख्रिस्ती मत

येशूने व त्याच्या प्रेषितांनी सांगितलेली शेवटच्या काळाची भाकिते भविष्यात नव्हे, तर पहिल्या शतकातच, मुख्यतः इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले तेव्हा पूर्ण झाली, असे मानणाऱ्या ख्रिस्ती मताला ‘प्रीटेरिझम’ म्हणतात. हे नाव ‘मागे पडलेले, पलीकडचे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. स्पेनमधील सेव्हिलचा जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा) पंडित लुईस दे आल्काझार याने सतराव्या शतकाच्या आरंभी प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा (बायबलमधील शेवटच्या पुस्तकाचा) अर्थ या दिशेने सविस्तर लावला, तर इंग्लंडमधील एका मंडळीचा (चर्चचा) पाळक जेम्स स्टुअर्ट रसेल याच्या १८७८ च्या ग्रंथाने येशूचे पुनरागमनही त्याच पिढीत घडले, असे प्रतिपादन केले.

या मताचा सारा भार काळदर्शक शब्दांवर आहे. जैतुनांच्या डोंगरावरील प्रवचनात (मत्तय २४) मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे सांगून येशू पुढे म्हणतो, की हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. प्रकटीकरणाचे पुस्तक आपल्या पहिल्याच वचनात या गोष्टी ‘लवकरच’ घडणार असल्याचे सांगते. ‘लवकर’ म्हणजे दोन हजार वर्षे असा अर्थ केला, तर मूळ श्रोत्यांसाठी त्या शब्दाला काय किंमत उरते, हा या मताच्या पुरस्कर्त्यांचा प्रश्न आहे आणि तो सहज टोलवता येण्याजोगा नाही. जुन्या इंग्रजी भाषांतराने ज्या ग्रीक शब्दासाठी ‘जगाचा अंत’ असे म्हटले, तेथे मराठी बायबलमध्ये ‘युगाची समाप्ती’ असे शब्द येतात. ते या मताला अधिक जवळचे आहेत. मात्र युगान्त म्हणताच मराठी वाचकाच्या मनात उभा राहणारा प्रलय येथे अभिप्रेत नाही. संपले ते मंदिर, याजक आणि पशुबळी यांवर उभे असलेले मोशेच्या कराराचे युग. ‘जे जुने होत आहे ते नाहीसे होण्याच्या बेतात आहे’ या अर्थाचे इब्री लोकांस पत्रातील (८:१३) वाक्य म्हणूनच या मांडणीत वारंवार येते.

सूर्य काळवंडणे, तारे गळणे, मेघांवर आरूढ होऊन येणे ही वर्णने संदेष्ट्यांची ठरलेली भाषा आहे, असे सांगितले जाते. यशयाने बाबेलच्या पतनाविषयी (१३:१०) तीच चित्रे वापरली, आणि मिसरावर (इजिप्तवर) परमेश्वर वेगवान मेघावर बसून येतो असेही म्हटले (१९:१). प्रत्यक्षात तेव्हा आकाश कोसळले नव्हते. प्रकटीकरणात येणाऱ्या दुष्ट श्वापदाचा ६६६ हा आकडा ‘नेरॉन कैसर’ (रोमन सम्राट नीरो) या नावाच्या हिब्रू अक्षरांच्या मूल्यांची बेरीज मानला जातो. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ आढळतो. नेरॉनमधला अखेरचा ‘न’ (मूल्य ५०) गाळून लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिले की नेमकी तीच बेरीज येते.

या मताचे आंशिक व पूर्ण असे दोन प्रकार आहेत. आंशिक मत येशूचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान व अंतिम न्याय भविष्यासाठी राखून ठेवते. पूर्ण मत त्यांचीही पूर्ती झाली असे म्हणते; १९७१ मध्ये मॅक्स किंग याने अमेरिकेतील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या परंपरेतून हीच भूमिका मांडली. या मंडळ्यांना मध्यवर्ती सत्ता नाही, प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते. अशा वातावरणात रूढ श्रद्धासूत्रांपेक्षा स्वतः केलेल्या बायबलवाचनाला अधिक मान मिळणे स्वाभाविक होते.

पूर्ण मताचा सर्वांत अवघड परिणाम भाकितांच्या नव्हे, तर मंडळीच्या बाबतीत दिसतो. प्रभुभोजनाने, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीने, प्रभूचा मृत्यू ‘तो येईपर्यंत’ जाहीर करायचा आहे (१ करिंथ ११:२६). तो येऊन गेला असेल तर भाकर मोडण्याचे प्रयोजन काय? प्रेषित, पाळक, शिक्षक ही पदेही आपण सर्व विश्वासाच्या एकत्वाला पोहोचेपर्यंत दिली आहेत, असे इफिसकरांस पत्र (४:११–१३) सांगते. या ‘पर्यंत’वर बोट ठेवून काही जण बाप्तिस्मा, प्रभुभोजन, दीक्षित पाळकवर्ग व नोंदणीकृत चर्च या सर्वांना संक्रमणकाळाची सोय मानतात. आता उपासना ‘या डोंगरावर नाही आणि यरुशलेमातही नाही’ (योहान ४:२१), आणि कोणी शेजाऱ्याला ‘परमेश्वराला ओळख’ असे शिकवायचे नाही (इब्री ८:११), हे त्यांचे आधार. घरोघरी जमून वाचन व चर्चा करणे त्यांना पुरेसे वाटते. पूर्ण मताच्या इतर अनुयायांना हे मान्य नाही. देवाचे राज्य येऊन पोहोचल्यावर त्याची मेजवानी थांबावी हेच त्यांना विसंगत वाटते.

मुख्य प्रवाहातील चर्चचा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठी ‘पुन्हा येईल’ असे नायसियाचा मतांगीकार, म्हणजे चौथ्या शतकातील सर्वमान्य श्रद्धासूत्र, म्हणतो. आणि पुनरुत्थान होऊन गेले आहे असे सांगणाऱ्या हुमनाय व फिलेत यांना पौलाने सत्यापासून ढळलेले म्हटले आहे (२ तीमथ्य २:१७–१८). ते पत्र इ. स. ७० पूर्वीचे असल्याने तेव्हा तो दावा अकाली होता, असे उत्तर दिले जाते. कालनिर्णयाचा हाच मुद्दा प्रकटीकरणाच्या बाबतीत मात्र उलट बोचतो : दुसऱ्या शतकातील बिशप इरेनेयस याच्या साक्षीवरून ते पुस्तक रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ. स. ९५ च्या सुमारास लिहिले गेले असे बहुसंख्य अभ्यासक धरतात, आणि ते खरे असेल तर त्यातील भाकिते यरुशलेमच्या पाडावाविषयी असू शकत नाहीत.