कोस

कोस : अंतर मोजण्याचे जुने देशी परिमाण. मूळ संस्कृत ‘क्रोश’ (हाक, आरोळी). ग्रामीण विदर्भात एक कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल (सु. ३.२ किमी.) धरतात.

हाक ऐकू जाईल तेवढे अंतर, ही व्युत्पत्ती सर्वत्र दिली जाते. तथापि मोकळ्या शिवारातही माणसाची हाक दोन मैल पोचत नाही. तेव्हा मूळचा क्रोश बराच आखूड असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते. कौटिलीय अर्थशास्त्रात या जागी ‘गोरुत’ (गाईचे हंबरणे) हे माप येते आणि चार गोरुतांचे योजन होते. गोरुत किती धनुष्यांचे (धनुष्य किंवा दंड म्हणजे चार हात, ९६ अंगुळे), याविषयी पाठभेद आहे : १,००० की २,०००. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) मात्र स्वच्छ २,००० दंड, म्हणजे ८,००० हात दिले आहेत. अंगुळ सु. १.९ सेंमी. घेतल्यास १,००० धनुष्यांच्या हिशेबाने १.८ किमी. आणि २,००० च्या हिशेबाने ३.६ किमी. होतात. विदर्भातील कोस दुसऱ्याच्या जवळचा आहे. पण अर्थशास्त्र रस्ते व तटबंदी मोजण्यासाठी ९६ ऐवजी १०८ अंगुळांचे धनुष्य सांगते. ते धरले की दोन्ही आकडे आणखी वाढतात.

अशोकाच्या सातव्या स्तंभलेखातील ‘अढकोसिक्यानि’ या पदाचा अर्थही वादग्रस्त आहे. विहिरी अर्ध्या कोसावर खणल्या, असे काही मानतात; अशोकाच्या लेखांचे संपादक हुल्ट्श यांनी आठ कोस असा अर्थ घेतला. आठ कोस ही साधारण दिवसाची मजल असल्याने तो अधिक पटतो.

मोगलांनी १५९६ च्या सुमारास वऱ्हाड घेतले. आईन-इ-अकबरीतील सरकारी कोस ५,००० इलाही गजांचा (इलाही गज : अकबराने ठरवलेला गज), सु. ४.२ किमी. भरतो, गावच्या कोसाहून तो मोठा होता. पुढे ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने फूट आणि मैल आणले. त्याचे प्रमुख विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट (जि. वर्धा) येथे वारले, त्यांची कबर तेथेच आहे. १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर सडकेवर किलोमीटर आले.

बोलण्यात कोस टिकला तो वाटेचे माप म्हणून. पांदणीने दोन कोस असलेले गाव सडकेने तीन कोस भरते, आणि दोन्ही उत्तरे बरोबर असतात. पायी कोसाला पाऊण तास लागतो. बैलगाडीला चिखलात त्याहून जास्त. लांबच्या शहरांना हे माप कोणी लावत नाही. नागपूर-मुंबई अंतर रेल्वेने ८३७ किमी. व सरळ रेषेत सु. ६८० किमी. (सु. २१० कोस) आहे, विमानाला दीड तासाच्या आसपास लागतो, पण खेड्यात ते ‘एका रात्रीची गाडी’ असेच सांगतात.