दारिद्र्यरेषेचा घोळ: पार्श्वभूमी

वाढीचा दर वर गेला की गरिबी कमी होते का, हा वाद आपल्याकडे गेली पन्नास वर्षं चालूय, पण त्यातला निम्मा वाद खरं तर वाढीवर नाहीच, मोजणार कशाने यावर आहे. ७० च्या दशकाच्या शेवटी ठरलं की खेड्यात माणशी रोज २४०० आणि शहरात २१०० कॅलरी मिळतील एवढा खर्च म्हणजे दारिद्र्यरेषा. १९७३-७४ च्या भावाने खेड्यात महिन्याला सुमारे ४९ रुपये, शहरात ५७. पुढे ह्याच रकमेला महागाईची जोड देत गेले, तेवढ्यात खरंच तेवढ्या कॅलरी मिळतात का हे रेषा हलवताना परत कोणी तपासलं नाही.

खरा गुंता झाला घरोघरचा खर्च मोजणाऱ्या सरकारी सर्व्हेच्या १९९९-२००० च्या फेरीत. त्याआधी घरोघरी जाऊन विचारायचे, गेल्या ३० दिवसांत किती तांदूळ, किती डाळ, किती तेल. ह्या वेळी एकाच फॉर्मवर शेजारीशेजारी दोन रकाने, ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा. आता आठवड्यात एक किलो तेल लागलं असं आत्ताच सांगितलेली बाई महिन्याचं विचारल्यावर चारच म्हणणार ना, एरवी नुसतं महिन्याचं विचारलं असतं तर कदाचित तीन म्हणाली असती. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली, खर्च जास्त दिसला, आणि गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून थेट २६ वर आली. एका बाजूने हा उदारीकरणाचा विजय म्हणून मिरवला, दुसरी म्हणाली आकडाच तुलनेचा नाही. माझ्या मते दुसऱ्या बाजूचं बरोबर होतं, निदान ह्या मुद्द्यावर तरी.

हे नुसतं अभ्यासकांचं भांडण असतं तर सोडून दिलं असतं. पण २००२ साली बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या घरांच्या, यादीसाठी घराघराला मार्क दिले, १३ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ५२, आणि जेवढे मार्क कमी तेवढं घर गरीब. कपडे दोनपेक्षा कमी असतील तर ०, दहा किंवा जास्त असतील तर ४. उघड्यावर जात असाल तर ०, घरचा संडास असेल तर ४. म्हणजे पोटाला चिमटा काढून संडास बांधलेलं घर यादीत मागे सरकणार. आणि राज्यात एकूण किती घरं गरीब धरायची त्याची मर्यादा कुठून आली? त्याच १९९९-२००० च्या आकड्यावरून, फार तर १० टक्के जास्त. वादातल्या आकड्याने घरकुल कोणाला मिळणार ते ठरवलं, हे मला आजही पटत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात रेशनचं वेगळंच. १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं कार्ड, पिवळ्याला वर्षाचं उत्पन्न १५ हजारांच्या आत हवं होतं. कुटुंबाचं, माणशी नाही. बरीच वर्षं ती मर्यादा तशीच राहिली, मजुरी वाढली तरी.

२००९ मध्ये नव्या समितीने कॅलरीचा आधार सोडून शिक्षण आणि औषधपाणीही धरलं, आणि २००४-०५ ची गरिबी २७.५ वरून ३७.२ टक्के झाली. माणसं तीच, वर्ष तेच, फक्त पट्टी बदलली. तरी २०११ ला योजना आयोगाने सुप्रीम कोर्टात ही रेषा शहरासाठी माणशी रोजचे ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपये सांगितल्यावर देशभर संताप उसळला, मग २०१४ च्या समितीने शहराचे ४७ केले, तो अहवाल पडूनच राहिला. दरम्यान २०१३ च्या कायद्याने खेड्यातल्या ७५ आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरवलं, त्यामुळे धान्यापुरती तरी रेषेची कटकट कमी झाली, हे चांगलंच झालं.

२०१७-१८ चा सर्व्हे दर्जाचं कारण देऊन बाजूला ठेवला गेला. २०२२-२३ चा आला त्यात माणशी महिन्याचा खर्च खेड्यात ३७७३, शहरात ६४५९ रुपये. पण ह्या वेळी एकाच बैठकीत सगळं न विचारता तीन वेगवेगळ्या भेटींत विचारलं, त्यामुळे २०११-१२ शी सरळ तुलना करायला गेलं की पुन्हा १९९९-२००० चाच पेच समोर येतो. शिवाय हा सगळा खर्चाचा हिशेब. वरच्या थरातला माणूस जे खर्चच करत नाही, शेअर्समध्ये आणि जमिनीत घालतो, ते ह्यात येत नाही, त्यामुळे ह्याच सर्व्हेवरून विषमता घटली म्हणणाऱ्यांना आधी तेवढं विचारायला हवं.