हिरवा ठिपका म्हणजे ‘सगळ्यांना चालेल’ नव्हे

‘केक एगलेस आहे, हिरवा ठिपकाही आहे, मग कुणालाच अ‍ॅलर्जीचा त्रास व्हायचा नाही’ हा समज ठाण्यातल्या बालवाड्यांमधून वर्षानुवर्षं फिरतोय. ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो. दूध, शेंगदाणे, काजू, गहू, सोया त्यात खुशाल असू शकतात. उलट अंड्याऐवजी एगलेस केकमध्ये बहुतेकदा दही, दूध पावडर किंवा कंडेन्स्ड मिल्क घालतात. ‘लॅक्टोज-फ्री’ही कामाचं नाही: लॅक्टोज ही दुधातली साखर, अ‍ॅलर्जी होते प्रथिनांची, आणि ती तशीच राहतात.

बेकरीतल्या सुट्या केकचं तर विचारूच नका. सुरी एक, ट्रे एक. वरचे काजू काढून टाकले तरी त्यांचे कण क्रीममध्ये उरतात. त्यापेक्षा सीलबंद खाऊ घ्या आणि घटकयादीलगतची अ‍ॅलर्जीची ओळ वाचा, दर खरेदीला, कारण कृती बदलते. राजगिऱ्याच्या लाडवातही शेंगदाणे सापडतात!

वर्गात खाऊ वाटायच्या दोन-तीन दिवस आधी प्रत्येक पालकाला नेमकं काय चालत नाही ते विचारा, मगच खाऊ ठरवा. फळं बरी, पण द्राक्षं पाच वर्षांखालच्यांना उभी चिरून, चार तुकडे करूनच.